राजांनी खांदा दिला तो दिवस

२३ नोव्हेंबर १२००, गुरुवार. तुम्ही इंग्लंडमधल्या लिंकन शहराच्या खालच्या वेशीबाहेर उभे आहात. पायाखालचा रस्ता रोमन लोकांनी बांधलेला, लंडनहून इथवर आलेला. पण आज दगड कुठे दिसतच नाहीत, नुसता चिखल आहे आणि तो घोट्याच्या वर आलाय. पाठीमागे चढाची टेकडी. टेकडीवर किल्ला, किल्ल्यासमोर अर्धवट बांधलेलं कॅथीड्रल, त्याच्या भिंतींना बिलगलेल्या लाकडी परांच्या. आज परांच्यांवर कुणी नाही. सगळं गाव खाली उतरलंय आणि दक्षिणेकडे डोळे लावून उभं आहे.

लंडनहून बिशप ह्यू यांचं पार्थिव येतंय.

शेजारच्या माणसाकडे बघा. पाथरवट आहे. दगडाची भुकटी त्याच्या भुवयांत, नखांत, कोपरांच्या घड्यांत कायमची बसलेली. तो तुम्हाला विचारतो, “कुठले तुम्ही?”

“लांबचा आहे.”

“आज सगळे लांबचेच,” तो म्हणतो. “वर जाऊन बघा, दोन राजे उतरलेत गावात.”

खरंच उतरलेत. इंग्लंडचा जॉन आणि स्कॉटलंडचा विल्यम. दोघांची भेट इथं आधीच ठरली होती. कालच शहराबाहेरच्या टेकडीवर विल्यमनं सगळ्यांच्या देखत जॉनला मान दिला. त्या भेटीसाठी कँटरबरीचे आर्चबिशप आलेत, डब्लिनचे आलेत, पार अ‍ॅड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रागुसाचेही आलेत. बिशप, मठाधिपती, सरदार यांची तर मोजदाद नाही. मरणाच्या आधी ह्यूंनी आपल्या माणसांना सांगून ठेवलं होतं की लिंकनला राजा आणि बिशप जमणार आहेत, तेव्हा मीही तिथं असेन. कॅथीड्रलचं काम बघणाऱ्या जेफ्री दी नॉयर्सना त्यांनी खास सांगितलं होतं की योहान बाप्तिस्त्याची वेदी तेवढी लवकर उरकून घ्या. ती वेदी कशासाठी हवी होती, ते आता सगळ्यांना कळलंय.

१६ तारखेच्या संध्याकाळी लंडनमधल्या त्यांच्या वाड्यात शेवट आला. जमिनीवर राखेचा क्रूस काढायला लावून ते त्यावर आडवे झाले आणि रात्रीची प्रार्थना चालू असताना त्यांनी प्राण सोडला. आजारपणात कँटरबरीचे आर्चबिशप ह्युबर्ट वॉल्टर भेटायला आले होते. मागे कधी मला कठोर बोलला असाल तर आता क्षमा मागून मोकळे व्हा, असं त्यांनी सुचवून पाहिलं. ह्यूंनी उलटच सांगितलं. खेद आहे तो तुम्हाला कमी बोललो याचा. बरा झालो तर जास्त बोलेन. मरणाच्या दारात बसून वरिष्ठाला असं सांगणारा माणूस मला फार जवळचा वाटतो. त्यात उर्मटपणा नव्हता, हे पुढं तुम्हाला दिसेलच.

गर्दी हलली. मशाली दिसताहेत? घोड्यांवरची माणसं हातात पेटत्या मेणबत्त्या घेऊन पुढं चालली आहेत. हर्टफर्ड, बिगल्सवेड, बकडन, स्टॅमफर्ड, अँकॅस्टर असे मुक्काम करत ते इथवर आले. वाटेत वारा-पाऊस झाला तरी सगळ्या मेणबत्त्या एकदम कधीच विझल्या नाहीत, एक तरी जळत राहिली, असं लोक एकमेकांना सांगताहेत. हे सांगणारा आवाज ऐका. त्यात चमत्काराचा आनंद आहे आणि आपला माणूस गेल्याचं रडूही आहे. स्टॅमफर्डला म्हणे एक चांभार गर्दीतून वाट काढत तिरडीपर्यंत पोचला, आता मला ने म्हणून देवाला विनवलं, आणि त्याच रात्री गेला.

आणि मग राजा जॉन पुढं येतो. तेहतीस वर्षांचा, उंची कपड्यांतला, अस्वस्थ. याच जॉननं मागच्या वर्षीच्या ईस्टरला ह्यूंचं प्रवचन चालू असताना तीनदा निरोप पाठवला होता की भूक लागली आहे, आवरतं घ्या. ह्यूंनी आवरलं नाही. आज तोच जॉन चिखलात उतरून तिरडीखाली खांदा घालतो. त्याच्यामागे सरदार. खांदा बदलायला जो तो पुढं घुसतोय, किमती झग्यांचे घोळ चिखलानं जड झालेत, आर्चबिशपांचे पाय कुठले आणि शेतकऱ्याचे कुठले ते ओळखू येत नाहीत. विल्यम राजा मात्र खांदा द्यायला येत नाही. तो बाजूला एकटा उभा राहून रडतोय. त्याचा ह्यूंवर फार जीव होता.

तिरडी चढाला लागली की तुम्हीही मागं चालू लागा. हा चढ जीव काढतो. पुढं त्याचं नावच स्टीप हिल पडलं. डाव्या हाताला दगडी घरं लागतील. गावातली बहुतेक घरं लाकडाची, ही दगडाची. यातली काही ज्यू सावकारांची आहेत. दारात बघा. ज्यू बाया-पुरुष बाहेर आलेत आणि उघड रडताहेत. देवाचा खरा सेवक गेला, असं म्हणताहेत. ख्रिस्ती बिशपच्या अंत्ययात्रेत ज्यू रडले, ही गोष्ट ह्यूंचा सोबती आणि चरित्रकार, आयन्सहॅमचा मठवासी अ‍ॅडम यानं मुद्दाम लिहून ठेवली. तो या क्षणी तिरडीजवळच कुठंतरी आहे. दहा वर्षांपूर्वी, ११९० मध्ये, यॉर्क, स्टॅमफर्ड, नॉरिच, लिन इथं ज्यूंच्या कत्तली झाल्या. लिंकनमध्ये त्यांना किल्ल्यात आसरा मिळाला, आणि तलवारी उपसलेल्या जमावापुढं बिशप ह्यू स्वतः जाऊन उभे राहिले.

पाथरवट अजून तुमच्याबरोबर आहे. चढताना त्याला धाप लागलीय, पण बोलणं थांबत नाही.

“आमच्यात येऊन काम करायचे,” तो सांगतो.

“बिशप?”

“हो, बिशप. गिलाव्याची पाटी खांद्यावर घ्यायचे आणि शिडी चढायचे. दोन काठ्यांवर चालणारा एक लंगडा होता. तो हट्टाला पेटला, मला बिशपांचीच पाटी पाहिजे. दिली त्याला. आधी कसाबसा ओढत न्यायचा, पुढं काठ्या टाकल्या त्यानं.”

हे तो अशा सुरात सांगतो की तुम्ही पुढं प्रश्न विचारत नाही.

टेकडीच्या माथ्यावर आलात की पश्चिमेचं दर्शनी तोंड तेवढं जुनं आणि काळपट दिसेल. ते पहिल्या नॉर्मन बिशपच्या, रेमिजियसच्या वेळचं. ११८५ च्या भूकंपात बाकीची इमारत दुभंगली. ह्यू पुढच्याच वर्षी बिशप म्हणून आले ते त्या ढिगाऱ्यावर. ११९२ मध्ये त्यांनी पूर्वेकडून नवीन काम काढलं. आत शिरा. वर बघा. छताच्या कमानींच्या फासळ्या मधोमध जुळत नाहीत. डावीकडची एकीकडे, उजवीकडची दुसरीकडे, जोड सरकलेले, जणू छताला एक बाजूचा कल आहे. युरोपात कुठंही तोवर असं कुणी बांधलेलं नव्हतं. पुढच्या शतकांत वास्तुशास्त्राचे अभ्यासक याला वेडं छत म्हणणार आहेत. तुमचा पाथरवट मात्र मान वर करून बघतो आणि म्हणतो, “चुकलं नाही ते. तसंच करायचं होतं.” फिकट पिवळा चुनखडी दगड इथल्याच खाणीतला आणि त्याला टेकून उभे केलेले काळसर चकचकीत खांब दूरच्या पर्बेकचे. त्यावर हात फिरवून बघा. पॉलिश इतकं नवं आहे की बोटं थंडगार होतात.

मधोमध पार्थिव ठेवलंय, चेहरा उघडा. माणसं रांगेत येऊन पायाला हात लावतात, नाणी ठेवतात. एवढ्या गर्दीत खिसेकापू येणारच. एका बाईची थैली कापली गेली, आणि कापणारा तिथल्या तिथं आंधळा झाला, थैली परत दिल्यावर दृष्टी आली, अशी कुजबुज संध्याकाळपर्यंत सगळीकडे पसरते. अ‍ॅडमनं तीही टिपून घेतली. उद्या, २४ तारखेला, त्या उरकून घेतलेल्या वेदीजवळ त्यांना पुरतील.

पण उद्यापर्यंत थांबू नका. या माणसाला जिवंत बघितल्याशिवाय राजानं खांदा का दिला ते कळायचं नाही.

वुडस्टॉकचं अरण्य, ह्यू नुकतेच बिशप झालेत. राजा दुसरा हेन्री झाडांच्या मोकळ्या जागेत सरदारांचं कोंडाळं करून बसलाय. तुम्ही त्या कोंडाळ्यात आहात आणि तुम्हाला ताकीद मिळालीय, बिशप आला तर कुणी उठायचं नाही, नमस्कार करायचा नाही. राजाच्या रागाला दोन कारणं. ह्यूंनी राजाच्या मुख्य अरण्याधिकाऱ्याला धर्मबहिष्कृत केलं होतं. हे अरण्याधिकारी म्हणजे गरिबांचा काळ. राजाच्या हरणाला हात लावणाऱ्याचे ते हाल हाल करत. आणि राजानं आपल्या दरबाऱ्यासाठी लिंकनच्या चर्चमधली एक उत्पन्नाची जागा मागितली, तीही ह्यूंनी नाकारली होती.

ह्यू येतात. कुणी मान वर करत नाही. ते राजाशेजारच्या सरदाराच्या खांद्यावर हात ठेवून त्याला सरकवतात आणि तिथं बसतात. शांतता. हेन्रीला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं सुई-दोरा मागवला. डाव्या हाताच्या बोटाला जखम होती, त्यावर चामड्याची पट्टी. ती तो खाली मान घालून शिवत बसला. ह्यू थोडा वेळ बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले की आता तुम्ही अगदी फलेझच्या तुमच्या नातेवाइकांसारखे दिसता.

राजा हसत हसत जमिनीवर आडवा झाला. तुमच्या आजूबाजूच्या सरदारांना काही उमगलं नाही, तेव्हा त्यानं स्वतःच समजावलं. त्याच्या पणजोबांची, इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमची आई फलेझची, चामडं कमावणाऱ्या घरातली मानली जाई. आणि विल्यम लग्नाशिवाय जन्मलेला. राजाच्या तोंडावर राजघराण्याचं मूळ काढायला हा माणूस घाबरला नाही, आणि राजालाही ते गोड लागलं. दोन्ही तक्रारी तिथंच निकालात निघाल्या.

तसा हेन्री त्यांना आधीपासून ओळखत होता. ह्यू मूळचे इंग्लंडचे नव्हेतच. ग्रनोबलजवळच्या अव्हालोंचे, सरदाराघरचे. आई लहानपणीच गेली. तेविशीच्या सुमारास ते आल्प्समधल्या ग्रांद शार्त्रूझ मठात शिरले. तिथं प्रत्येक साधूची स्वतंत्र खोली, मौन, बर्फ. कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बेकेट यांच्या खुनाचं प्रायश्चित्त म्हणून हेन्रीनं सॉमरसेटमध्ये विदमला त्याच कार्थुसियन पंथाचा मठ काढायचं ठरवलं; मठ काही उभा राहिना, तेव्हा ११८० च्या सुमारास ह्यूंना बोलावून घेतलं. आल्याबरोबर त्यांनी एकच विचारलं. या जमिनीवर जे लोक राहत होते त्यांचं काय? त्यांना घराघराची भरपाई मिळेपर्यंत काम सुरू होणार नाही, असं सांगितलं. राजानं दिली. मग ह्यूंनी आणखी मागितलं. रिकामी झालेली घरं आता तुमची झाली, ती मला द्या. राजानं दिली, आणि ह्यूंनी त्या घरांचे वासे-तुळया त्याच लोकांना परत केल्या, विकायला नाहीतर दुसरीकडे उभारायला. विस्थापितांच्या पुनर्वसनाची ही रीत ८०० वर्षांपूर्वीची आहे, हे मला पुन्हा पुन्हा आठवतं.

आता नॉर्मंडी, २८ ऑगस्ट ११९८. सेन नदीच्या वळणावर गायार किल्ला. खडकावर नुकतंच बांधून झालेलं पांढरंशुभ्र बांधकाम, हेन्रीनंतर गादीवर आलेल्या रिचर्ड राजाचा लाडका किल्ला. आदल्या वर्षी ऑक्सफर्डच्या सभेत रिचर्डनं फ्रान्सच्या लढाईसाठी ३०० घोडेस्वारांचा वर्षभराचा खर्च मागितला होता. सगळे माना डोलावत होते. ह्यूंनी सांगितलं की लिंकनच्या चर्चवर लष्करी सेवेचं ऋण आहे, पण ते इंग्लंडच्या हद्दीत, समुद्रापलीकडे नाही. राजानं त्यांची मालमत्ता जप्त करायचा हुकूम काढला. हुकूम अमलात आणायला मात्र कुणी धजेना, कारण या बिशपचा बहिष्कार अंगावर घेणं म्हणजे मरणच, असा समज होता.

तुम्ही किल्ल्यातल्या प्रार्थनामंदिराच्या दाराशी आहात. मिस्सा चालू आहे. ह्यू आत जातात आणि राजाला म्हणतात, मला चुंबन द्या. ती त्या काळच्या भेटीची रीत. रिचर्ड तोंड फिरवतो. ह्यू त्याचा झगा छातीशी मुठीत पकडतात आणि हलवतात. तुम्ही माझं देणं लागता, मी लांबून आलोय. राजा म्हणतो, तुम्ही त्या लायकीचे नाही. ह्यू आणखी जोरात हलवतात. आहे मी लायक, द्या. सिंहहृदयी म्हणवणाऱ्या त्या धिप्पाड राजाला हसू फुटलं. त्यानं वाकून चुंबन दिलं. पुढं तो आपल्या लोकांत म्हणाला की सगळे बिशप असे असते तर कुठल्याच राजानं त्यांच्यापुढं मान वर केली नसती.

आठ महिन्यांत रिचर्ड मेला. देशात बेबंदशाही, रस्त्यांवर लुटारू; सगळ्यांनी ह्यूंना जाऊ नका म्हणून सांगितलं. ते गेले. ११ एप्रिल ११९९ च्या झावळ्यांच्या रविवारी फोंतव्रोच्या मठात रिचर्डला मूठमाती दिली तेव्हा ह्यू तिथं होते. पुरण्याचं काम त्यांनी कधी चुकवलं नाही. प्रवासात कुठं अनाथाचं प्रेत दिसलं की घोड्यावरून उतरायचे, विधी करायचे, मगच पुढं. एकदा राजा जेवणासाठी खोळंबला तरी ते उठले नाहीत. राजानं जेवून घ्यावं, असा निरोप दिला. दृढीकरण संस्कारासाठी पोरं रस्त्यात उभी केली तर बाकीचे बिशप घोड्यावर बसूनच उरकत. ह्यू थकलेले असले तरी खाली उतरत. न्यूआर्कला सहा महिन्यांचं एक बाळ त्यांना बघून इतकं हसू लागलं, हात हलवू लागलं की त्याचे आई-बाप चकित झाले. कुष्ठरोग्यांना ते आपल्या हातानं धुवायचे, चुंबन घ्यायचे. त्यांचाच एक विद्वान सहकारी, विल्यम दी मोंटिबस, एकदा म्हणाला की संत मार्टिनच्या चुंबनानं कुष्ठरोगी बरा झाला होता, तुमच्या होत नाही. ह्यूंनी उत्तर दिलं की कुष्ठरोग्याचं चुंबन माझ्या आत्म्याला बरं करतं.

एका ठिकाणी मला त्यांची बाजू घेता येत नाही. ११९१ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या गॉडस्टोच्या चर्चमध्ये वेदीसमोर रेशमी वस्त्र घातलेली, दिवे लावलेली एक कबर त्यांना दिसली. हेन्रीची प्रेयसी रोझामंडची. त्यांनी ती बाहेर काढायला लावली. ज्यांनी आयुष्यभर मेलेल्यांना मान दिला, त्यांनी एका मेलेल्या बाईला हलवलं. त्या काळचा बिशप असंच करणार, हे खरं आहे. तरी ती कबर तिथं राहिली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

आता पुढं चला. ६ ऑक्टोबर १२८०, पुन्हा लिंकन. ह्यू १७ फेब्रुवारी १२२० ला संत झाले. पोप तिसरे होनोरियस यांनी घोषणा केली, आणि चौकशी करणाऱ्यांत आर्चबिशप स्टीफन लँगटन होते. तेव्हापासून यात्रेकरूंची रीघ इतकी वाढली की पूर्वेकडचं टोक पाडावं लागलं, रोमन काळची शहराची भिंत फोडावी लागली आणि नवं, लांब, उजेडानं भरलेलं दालन बांधावं लागलं. कमानींच्या कोपऱ्यांत पंख पसरलेले देवदूत कोरलेत, म्हणून त्याला देवदूतांचं दालन म्हणतात. आज राजा पहिला एडवर्ड आलाय, राणी एलेनॉर आलीय. खर्च थॉमस बेक उचलतोय. तो आजच बिशप झालाय. बिशपवाड्याच्या दाराबाहेर नळातून वाइन सोडलीय. प्यायची तर प्या, पण आत लवकर या.

कबर उघडली. देह बराचसा शाबूत. उचलायला गेले आणि डोकं धडापासून वेगळं झालं. एक क्षण सगळे थबकले. मग डोकं वेगळ्या पेटीत, सोन्यारुप्यानं, रत्नांनी मढवून ठेवायचं ठरलं. तुम्हाला हे बघवत नसेल, तर नॉर्मंडीतल्या फेकाँच्या मठातली ह्यूंची गोष्ट ऐका. तिथं मेरी माग्दालियाचा हात म्हणून एक अवशेष रेशमात गुंडाळून ठेवला होता. ह्यूंनी चाकूनं कापड उसवलं, आणि हाडाचा तुकडा बोटांनी निघेना तेव्हा सरळ दातांनी चावून दोन तुकडे काढले. मठवासी संतापून ओरडले. ह्यू म्हणाले, थोड्या वेळापूर्वी याच दातांनी मी प्रभूचं शरीर घेतलं. संतांची हाडं घेऊ नयेत? त्यांच्या लेखी अवशेष म्हणजे काचेआड बघायची वस्तू नव्हती.

याच कॅथीड्रलच्या दक्षिण बाजूला आणखी एक ह्यू पुरलाय. नऊ वर्षांचा मुलगा. १२५५ मध्ये त्याचं प्रेत विहिरीत सापडलं आणि ज्यूंनी त्याला धर्मविधीसाठी मारल्याचं कुभांड रचलं गेलं. १९ ज्यूंना ठार मारलं. पोराला लहान संत म्हणून पूजू लागले. रोमनं त्याला कधीच संत मानलं नाही. यात्रेकरू एका ह्यूकडून दुसऱ्याकडे जाताना मेणबत्ती बदलत नाहीत. याचा मला राग येतो. ज्या टेकडीवर बिशप ह्यूंसाठी ज्यू रडले होते, तिथं ह्यूंच्याच कॅथीड्रलमध्ये हे घडलं. १२९० मध्ये सगळ्या ज्यूंना इंग्लंडमधून हाकललं. विसाव्या शतकात त्या जागी फलक लागला, ही कथा खोटी होती आणि तिनं निरपराधांचे जीव घेतले, अशा अर्थाचा.

सोनं काही टिकत नाही. १३६४ मध्ये चोरांनी डोक्याची पेटी पळवली, रत्नं काढून घेतली आणि डोकं शेतात टाकलं. ते सापडेपर्यंत एका कावळ्यानं राखण केली म्हणतात. १५४० च्या जूनमध्ये आठव्या हेन्रीचे अधिकारी आले. त्यांनी कॅथीड्रलमधून २,६२१ औंस सोनं आणि ४,२८५ औंस चांदी तोलून नेली, म्हणजे सुमारे ८१ किलो आणि १३३ किलो. मोती, माणकं वेगळी.

आता शेवटचा मुक्काम, आणि त्यासाठी मागं जायचंय. नॉर्दॅम्प्टन, ११९० च्या कत्तलींनंतरचे दिवस. गावात यात्रा भरलीय. जॉन नावाचा एक तरुण स्टॅमफर्डमध्ये ज्यूंची घरं लुटून, लुटीचे पैसे घेऊन इथं आला होता. ज्याच्याकडे पैसे ठेवले त्यानंच लोभापायी त्याचा खून केला आणि रात्री प्रेत गावाबाहेर टाकलं. म्हाताऱ्यांना स्वप्नं पडू लागली, आजारी बरे होऊ लागले, चोर हुतात्मा झाला. तुमच्या आजूबाजूला जागरणं चाललीत, मेणबत्त्या आहेत, नवस आहेत. काही धर्मगुरूंना पैसा मिळतोय, म्हणून ते गप्प आहेत. इतिहासकार विल्यम ऑफ न्यूबरानं हे सगळं लिहून ठेवलंय.

बिशप ह्यू घोड्यावरून उतरतात. पन्नाशीचे, जाडसर अंगाचे, कार्थुसियन साधूच्या लोकरी कपड्यांतले. ते थेट त्या जागेकडे चालत जातात. लोक वाट देत नाहीत. शिव्या ऐकू येतात, कुणीतरी हात उगारतो. ते पूजेच्या खुणा आपल्या हातानं उतरवायला लागतात, आणि मोठ्यानं बजावतात की हा माणूस चोर होता, याची पूजा करील त्याला बहिष्कृत करीन. गर्दी चिडलीय, पण पुढं कुणी सरकत नाही. नवस बोलून आलेली माणसं आपापल्या मेणबत्त्या उचलतात. हळूहळू जागा रिकामी होते, आणि त्या चोराच्या नावानं नॉर्दॅम्प्टनला पुन्हा यात्रा भरत नाही.